पाळक हवा आहे, पण कोणत्या मंडळीला?

काका, सलाम.

आमची भांडुपची मराठी बॅप्टिस्ट मंडळी लहानशी आहे. यादीत १४० सभासद, रविवारी उपासनेला साठ-पासष्ट. आमचे पाळक साहेब २२ वर्षांच्या सेवेनंतर मार्चमध्ये निवृत्त झाले. मी बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी दुसरं कोणी तयार होईना म्हणून सेक्रेटरी झाले, आणि आता सात जणांच्या शोध समितीची निमंत्रकही मीच आहे.

तीन नावं पुढे आली आहेत. एक म्हणजे पाळक साहेबांचे चिरंजीव. दुसरे यूट्यूबवर गाजलेले प्रचारक, ते परदेशातून मदत आणू म्हणतात. तिसरे तिशीतले, पुण्याच्या सेमिनरीत शिकलेले, सध्या जालन्याकडे एका लहान मंडळीत आहेत. त्यांची पत्नी नर्स आहे. समितीने ठरवलंय की तिघांना तीन रविवार संदेशाला बोलवायचं आणि चौथ्या रविवारी मतदान घ्यायचं. वडीलधारे म्हणतात, लवकर आटपा. तरुणांना इंग्रजी येणारा हवा. बदलापूर-विरारकडे राहायला गेलेली कुटुंबं म्हणतात, आम्हाला कोण विचारतो? पगार १८,००० रुपये आणि आवारातल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत साहेब अजून राहतात.

शेजारच्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत बिशप साहेबांचं पत्र येतं आणि नवे पाळक हजर होतात. आमच्याच नशिबी हा खेळ का? तिघांतला कोण निवडावा? आणि जानेवारीत माझ्या भाचीचं लग्न आहे, ते लावणार कोण?

– एक सेक्रेटरी, भांडुप

ताई, सलाम.

तिघांतला कोण, हे मी सांगणार नाही. मी त्यांना ओळखत नाही, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हीही अजून ओळखत नाही. पण ती तीन रविवारांची शर्यत मात्र आजच थांबवा. तारखा कळवून झाल्या असतील तर तिघांनाही फोन करा आणि सांगा, मंडळीची तयारी झालेली नाही. ते खोटंही नाही.

हा प्रयोग आम्ही करून बसलो आहोत. वीसेक वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या ज्या मंडळीत होतो, तिथे असेच तीन उमेदवार आले. पहिल्यांचा रविवार जुलैतला. रुळांवर पाणी, लोकल बंद, उपासनेला बावीस माणसं. दुसऱ्यांच्या वेळी माइक बिघडला आणि मागच्या चार बाकांना ओठ हलताना दिसले तेवढेच. तिसऱ्यांच्या वाट्याला उपकारस्तुतीचा रविवार आला. वेदीपुढे भोपळे, केळी, तांदळाची पोती, हॉल भरलेला, आणि नंतर प्रीतिभोजनाला मटण. कोण निवडून आलं असेल ते सांगायला नको. नऊ मतांनी आले. हरलेल्या बाजूने पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ती नऊ मतं पुन्हा पुन्हा मोजली. चौदा महिन्यांत ते भले गृहस्थ सामान बांधून गेले. त्यांचा दोष नव्हता. दोष असलाच तर मटणाचा.

एका संदेशावरून माणूस कळत नाही. घोटून घोटून तयार केलेले दोन संदेश प्रत्येकाच्या बॅगेत असतात, तिसरा कसा आहे ते नेमणुकीनंतर कळतं. उलटही होतं. मिशनरी विल्यम कॅरी म्हटलं की आपल्याला बंगालमधलं सेरामपूर आठवतं: १८०५ साली छापलेलं मराठी व्याकरण, १८१० चा कोश, १८११ चा मराठी नवा करार. जोडे शिवून पोट भरणारा हा बॅप्टिस्ट माणूस १७८५ साली इंग्लंडमधल्या ऑल्नीच्या मंडळीपुढे परीक्षेचा संदेश द्यायला उभा राहिला, आणि मंडळीने त्याला मान्यता दिली नाही. आणखी काही काळ बोलू द्यावं, मग बघू, असं ठरलं. मान्यता मिळाली पुढच्या वर्षी. तुमच्या चौथ्या रविवारच्या मतदानात कॅरी पडले असते.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय समितीत मोठ्याने वाचा. अध्यक्ष कसा असावा याची लांबलचक यादी आहे तिथे. त्यातली कामाच्या कौशल्याची गोष्ट एकच, शिकवण्यात निपुण असणं. बाकी सगळं वागणुकीचं: मारका नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्यांना घरात घेणारा असावा, घरच्यांशी नीट वागणारा असावा, बाहेरच्या लोकांनी त्याच्याबद्दल बरं बोलावं. यातलं पुलपिटवरून काय दिसतं? यासाठी त्याच्या सध्याच्या गावी जावं लागतं, आणि चहाच्या टपरीवर बसावं लागतं.

आता, हा खेळ आपल्याच नशिबी का? कारण आपल्या पूर्वजांनी तो मागून घेतला. १६१२ साली थॉमस हेलविस आणि त्यांच्या सोबत्यांनी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली, तेव्हा त्यांचं म्हणणंच हे होतं की मंडळीचा धनी ख्रिस्त, राजा नाही आणि बिशपही नाही. आपला पाळक आपण शोधायचा, हे त्या म्हणण्याचं शेपूट. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च-संघटनांची मिळून सीएनआय झाली, त्यात उत्तर भारतातल्या बॅप्टिस्टांची परिषदही होती. त्यांच्याकडे आता बिशपांचं पत्र येतं. तुमच्यासारख्या स्वतंत्र राहिलेल्या मंडळ्यांत मात्र सभासदांची सभा हाच शेवटचा शब्द. शेजाऱ्यांचा हेवा करू नका. पत्र आल्यावर तिथेही सगळं सुरळीत होतं असं नाही, फक्त भांडण निवडीच्या आधी होण्याऐवजी नंतर होतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही पाळक शोधायला निघालात, पण तो कोणत्या मंडळीत येणार आहे हे अजून स्वतःशीच बोललेला नाहीत. पुन्हा कॅरीच. १७८९ मध्ये ते लेस्टरच्या मंडळीत पाळक म्हणून गेले. तिथे तट पडलेले, जुनी भांडणं मुरलेली. समजावून काही होईना, तेव्हा त्यांनी मंडळीच विसर्जित केली आणि सांगितलं, नव्या प्रतिज्ञापत्रावर ज्याला सही करायची आहे त्याने करावी, तीच मंडळी. तुम्ही इतकं टोक गाठू नका. धर्मादाय आयुक्तांना समजावताना नाकी नऊ येतील. पण नवा माणूस येण्याआधी मंडळीने स्वतःचा हिशेब एका कागदावर मांडावा, हे मात्र करा. त्याला तीन महिने लागले तरी लागू देत. वडीलधाऱ्यांना सांगा, घाईत आणलेला पाळक घाईतच जातो, आणि मग पुन्हा हेच सगळं दोन वर्षांनी.

पहिली गोष्ट, यादी. १४० नावं आणि ६५ माणसं यांच्यामधले ७५ जण कोण आहेत? काही देवाघरी गेले असतील, काही दुसऱ्या मंडळीत, काही फक्त नाताळला दिसत असतील. ही यादी मतदानाच्या आधी दुरुस्त करा, आणि मंडळीच्या घटनेत जशी पद्धत दिली असेल तशीच करा. मतदानाच्या दिवशी दारात उभं राहून कोण सभासद आणि कोण नाही हे ठरवायला लागलात की संपलं. त्या दिवशी बारा वर्षांत न दिसलेले चुलत भाऊ रिक्षातून उतरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या ७५ मध्ये बदलापूर-विरारवाले किती, तेही बघा. भांडुपमध्ये घर परवडेना म्हणून ते लांब गेले, मंडळी सोडून गेले नाहीत. रविवारी मेगाब्लॉकमधून दीड-दीड तास उभ्याने येतात. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवा. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी सगळ्या मंडळीला सांगितलं, तुम्हीच सात जण निवडा. निवडलेल्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप आणि पुढचे पाच. सगळी नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप गेलं. तुमच्या समितीतही सातच जण आहेत. त्यांत बदलापूरकडचा एक तरी आहे का? पंचविशीच्या आतलं कोणी? तुमच्याखेरीज दुसरी बाई? नसतील तर दोघा-तिघांना प्रेमाने उठवा आणि यांना बसवा. आणि साहेबांचे जवळचे नातेवाईक समितीत असतील तर, मुलाचं नाव आहे तोवर, त्यांनी बाहेर राहावं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. १८,००० रुपयांत मुंबईत एक कुटुंब कसं चालतं, हे समितीतल्या सातही जणांनी आपापल्या घरच्या खर्चाच्या वहीवरून सांगावं. दूध, गॅस, वीज, मुलांची फी, दवाखाना, आईवडिलांना गावी पाठवायचे पैसे. मग पाळकाला मोटरसायकलचं पेट्रोल, कारण आजारी माणसाला भेटायला तो मुलुंडपासून कळव्यापर्यंत फिरणार. आपल्या लोकांची एक सवय आहे, पाळकाने विश्वासाने जगावं म्हणायचं आणि आपण मात्र महागाई भत्त्याने जगायचं. आकडा किती असावा हे मी सांगत नाही, तुमचं अर्पण तुम्हाला माहीत. पण जो देऊ शकाल तो स्पष्ट सांगा, लेखी द्या, आणि त्यात आरोग्य विमा, वर्षाची रजा आणि निवृत्तीसाठी दरमहा बाजूला टाकायची रक्कम धरा. पूर्ण वेळेचा पगार झेपत नसेल तर अर्ध्या वेळेचा पाळक ठेवा आणि त्याला दुसरी नोकरी करू द्या. त्यात कमीपणा नाही. कॅरी मोल्टनला पाळक असताना शाळा चालवत आणि जोडेही शिवत.

नर्स पत्नीचा विषय इथेच येतो. मंडळ्यांच्या डोक्यात हिशेब असतो, एका पगारात दोन माणसं. बाई स्त्रीमंडळ घेतील, संडे स्कूल घेतील, पाहुण्यांना जेवायला घालतील. त्या बाईंना इथल्या एखाद्या हॉस्पिटलात नोकरी लागली तर त्यांच्या रविवारच्या शिफ्ट असतील, नाइट असेल. हे चालेल का, हे समितीने आपापसात आधी ठरवावं. आणि त्यांना भेटाल तेव्हा ‘तुम्ही मंडळीत काय करणार?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘मुंबईत यायला तुमची तयारी आहे का, आणि इथे काय अडचण वाटते?’ हे विचारा. उत्तर द्यायला त्यांना नवऱ्यापासून वेगळा वेळ द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, त्या दोन खोल्या.

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोचलेलं वाक्य ते होतं. तुम्ही ते सहज लिहून गेलात. २२ वर्षं आवारात राहिलेल्या, तुटपुंज्या पगारावर काम केलेल्या माणसाने मुंबईत स्वतःचं घर कुठून घेतलं असणार? निवृत्तीच्या दिवशी मंडळीने शाल दिली असेल, श्रीफळ दिलं असेल, तरुण संघाने व्हिडिओ केला असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाणार कुठे होते, हे कोणी विचारलं? मला उगाच शंका येते, आणि ती चुकीची असेल तर साहेबांची क्षमा मागतो: चिरंजीवांचं नाव पुढे आलंय ते सेवेच्या पाचारणामुळे, की घरातल्या कोणाला वाटतं की मुलगा पाळक झाला तर डोक्यावरचं छप्पर जाणार नाही? दोन्ही खरं असू शकतं. पण जोवर छपराचा प्रश्न वेगळा सुटत नाही, तोवर मुलाच्या नावावर मोकळ्या मनाने कोणी बोलू शकणार नाही. विरोध करणारा साहेबांना बेघर करणारा ठरेल, आणि मुलगा खरोखर लायक असला तरी जन्मभर ‘बापाच्या खोलीसाठी आलेला’ म्हणून ओळखला जाईल.

म्हणून आधी ट्रस्टींची बैठक घ्या. साहेबांना अमुक महिने भाडं, किंवा एकरकमी काही, किंवा दोन्ही. मंडळीकडे नसेल तर त्यासाठीच वेगळं अर्पण घ्या. बावीस वर्षांत त्यांनी ज्यांचे बाप्तिस्मे केले आणि ज्यांच्या आईवडिलांना मातीत ठेवलं, ती माणसं आता कमावती आहेत. हे ठरावाने करा, उपकार म्हणून नको. मग साहेबांजवळ बसून दुसरी विनंती करा: नवे पाळक आल्यावर निदान एक वर्ष त्यांनी दुसऱ्या मंडळीत उपासनेला जावं, आणि लग्न-मयतीला कोणी बोलावलं तर ‘आधी तुमच्या पाळकांना विचारा’ असं म्हणावं. त्यांना वाईट वाटेल. तुम्हालाही वाटेल. चहा घेऊन जा.

आवाराचा विषय निघालाच आहे तर एक कानगोष्ट. मुंबईत मंडळीच्या नावावर जागा असली की पाळकाच्या निवडीत बिल्डरचीही सावली पडते. ‘रिडेव्हलपमेंट समजणारा पाळक हवा’ असं समितीत कोणी म्हणालं तर सावध व्हा. सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायची, बदलून द्यायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ते काम ट्रस्टी आणि वकिलांचं, पाळकाचं नाही.

भाषेचं तुम्ही तरुणांचं म्हणून सांगितलंत. त्यांना खरंच इंग्रजी संदेश हवाय, की आपल्या प्रश्नांवर बोलणारं कोणी हवंय? त्यांच्याबरोबर वडापाव खात बसा आणि विचारा. माझा अंदाज दुसरं निघेल. ‘उपासना संगीता’तली गीतं आणि गिटार एकत्र नांदू शकतात, ना. वा. टिळकांची भजनं तर गिटारवर झकास वाजतात. पण मंडळी मराठी आहे, तर नव्या माणसाला मराठीत प्रार्थना करता आली पाहिजे, हॉस्पिटलच्या खाटेशेजारी, तयारी न करता.

हे सगळं कागदावर आलं की मग नावं उघडा. तुमची तीन आहेत, पण आणखीही मागवा. पुण्याच्या सेमिनऱ्यांना पत्र टाका, ओळखीच्या मंडळ्यांना सांगा. आणि मग एका वेळी एकच नाव हातात घ्या. जुन्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची रीत हीच: समिती चौकशी करून एकमताने एक नाव आणते, मंडळी त्याला हो किंवा नाही म्हणते. नाही म्हटलं तर दुसरं नाव. लग्न ठरवताना आपण तीन मुलं एकदम ओट्यावर बसवत नाही.

चिरंजीवांबद्दल मी बोललो. छप्पर सुटल्यावरही त्यांचं नाव राहिलं तर एक अट घाला, आधी दुसऱ्या मंडळीत तीन-चार वर्षं सेवा केलेली असावी. केली असेल तर तिथली चौकशी करा, इतरांची कराल तशीच.

यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ मी पाहिलेले नाहीत, तेव्हा उपदेशाबद्दल बोलत नाही. परदेशी मदतीबद्दल बोलतो. परदेशी अंशदानाचा २०१० चा कायदा आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला बाहेरून एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत वळवून घेऊ म्हणाल, तर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. बाहेरचा पैसा आता आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तुम्ही स्वतः बँकेत आहात, तुम्हाला हे माझ्याहून नीट कळेल. तेव्हा ‘मदत आणतो’ म्हणणाऱ्याला विचारा: कोणाच्या नावावर, कोणत्या नोंदणीवर, हिशेब कोण बघतं? उत्तर गोल आलं तर तिथेच थांबा. आणि नावापुढे ‘डॉक्टर’ असेल तर ती पदवी कुठली, हेही विचारा. पदवी धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटची असो किंवा दुसऱ्या मान्यतेची, सेमिनरीला एक ईमेल टाकली की खरं-खोटं कळतं.

जालन्यावाल्यांचं वय कमी म्हणून तुमचे वडीलधारे नाक मुरडत असतील. पुढे नामवंत उपदेशक झालेल्या चार्ल्स स्पर्जनना लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीटच्या बॅप्टिस्ट मंडळीने १८५४ साली पाळक म्हणून बोलावलं, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. प्रत्येक तिशीतला माणूस स्पर्जन निघत नाही हे खरं, पण वय हे कारण सांगू नका. त्यांची खरी अडचण दुसरी असू शकते. गावच्या मंडळीत पाळक दुपारी कोणाच्याही ओसरीवर जाऊन बसतो. भांडुपमध्ये दुपारी घरी कोणी नसतं, आणि रात्री नऊला माणसं लोकलमधून उतरतात ती चिडलेली असतात. हे त्यांना झेपेल का, हे त्यांनाच दाखवा. आठवडाभर पाहुणे म्हणून बोलवा, पुलपिटचं आमंत्रण न देता. बदलापूरच्या प्रार्थनासभेला न्या, एखाद्या आजाऱ्याकडे न्या, येताना गर्दीच्या गाडीने आणा.

चौकशी कुणाचीही असो, उमेदवाराने दिलेल्या तीन फोन नंबरांवर थांबू नका, ते गोडच बोलणार. त्या मंडळीचा खजिनदार गाठा. शक्य तर मंडळी सोडून गेलेलं एखादं कुटुंब गाठा. मात्र उमेदवाराला कल्पना देऊन करा. मागच्या दाराने चौकशी झाल्याचं त्याच्या मंडळीत फुटलं आणि तुम्ही त्याला घेतलंही नाही, तर त्याची तिथली सेवा नासते. मुलांबरोबर काम करणार आहे म्हणून पोलीस पडताळणी मागा. पॉक्सो कायदा आहे, आणि खऱ्या पाळकाला त्याचा राग येत नाही. मुलाखतीत बायबलचे प्रश्न कमी विचारा. शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि कसं मिटलं, ते विचारा. कोणाची क्षमा कधी मागितलीत, ते विचारा. या प्रश्नावर जो बराच वेळ गप्प राहतो आणि मग काहीतरी साधं सांगतो, तो मला आवडतो.

मतदान घटनेप्रमाणे, गुप्त, दोन रविवार आधी जाहीर करून. किती टक्के मतं लागतात हे घटनेत नसेल तर नाव पुढे यायच्या आधी सभेत ठरवा. तीन चतुर्थांशांपेक्षा कमीवर कोणाला आणू नका, असं माझं मत. आणि तो रविवार ठरवल्यावर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघा. तेवढ्यासाठी एक आठवडा पुढे ढकलावं लागलं तर ढकला. ज्यांना घेतलं नाही त्यांना तुम्ही स्वतः फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रभू आशीर्वाद देवो’ टाकून मोकळं होऊ नका.

तुमच्या घटनेत पाळक हा पदसिद्ध ट्रस्टी असेल, तर जुन्यांचं जाणं आणि नव्यांचं येणं या दोन्हींचा चेंज रिपोर्ट वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायला हवा. त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत. मार्चमध्ये साहेब निवृत्त झाले म्हणता. तो रिपोर्ट गेला का? बहुतेक नाही. उशीर झाला असेल तर वकिलाकडून उशीर माफीचा अर्ज जोडून टाका.

आणि भाचीचं लग्न. याला तुम्ही पत्रात शेवटची जागा दिलीत, पण घाई खरी याचीच आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याप्रमाणे आपल्यासारख्या मंडळीचा पाळक लग्न लावू शकतो ते सरकारने त्याला तसा परवाना दिला असेल तरच. परवाना त्या माणसाच्या नावावर असतो, मंडळीच्या नाही. म्हणजे उद्या तुम्ही नवा पाळक आणलात तरी त्याच्याकडे परवाना नसेल तर जानेवारीत तो फक्त प्रार्थना करू शकेल, रजिस्टरवर सही नाही. मुलाखतीच्या कागदात हा प्रश्न आजच घाला. लग्नासाठी तुमच्या जुन्या साहेबांनाच विचारा, त्यांचा परवाना अजून चालू आहे का ते आधी बघून. नसेल तर ओळखीच्या मंडळीतल्या परवानाधारक पाळकांना गाठा, आणि नोटीस वेळेत द्या. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच व्हावा लागतो, तेव्हा हॉलवाल्याने साडेसातचा मुहूर्त दिला असेल तर तो आजच बदलून घ्या. जानेवारीत मुंबईत हॉल मिळत नाहीत.